बारकू गुरवानं मोडलेला कौल

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं एसटी मनात आलं तर यायची, तिथं माचीवाडी नावाच्या गावात मी सहा वर्षं आरोग्य सेवक होतो. त्या सहा वर्षांत मी किती लोकांना बरं केलं ते मला सांगता येणार नाही. पण एका माणसाचं जे नुकसान केलं, ते मात्र नेमकं सांगता येतं. त्या माणसाचं नाव बारकू गुरव.

रुजू झालो त्याच दिवशी गावातली पाण्याची ठिकाणं बघत बघत मी बहिरोबाच्या देवळापाशी पोचलो. पायरीवर एक वाळका, उंच म्हातारा तळहातावर तंबाखू मळत बसला होता. डोक्याला मळकट मुंडासं, कपाळाला शेंदराचं बोट. वर न बघताच त्यानं विचारलं,

"काय इचारायचंय?"

"काही नाही. मी नवीन आरोग्य सेवक. निमगाव साव्याचा."

"न्हाई कसं? येवढी चढन चढून आलात आन इचारायचं काईच न्हाई?" आता त्यानं माझे पांढरे बूट पाहिले, खांद्याला लटकवलेली रक्तनमुन्यांची पेटी पाहिली, खिशातली दोन पेनं पाहिली. "मंग बसा, पावणं. समदं ठावं असलेला मानूस रोज कुठं गावतो?"

मी बसलो. टोमणा मला खोलीवर जाऊन भात टाकताना कळला.

त्या देवळात देवाला विचारायची रीत होती. बहिरोबा म्हणजे शेंदराचे थरावर थर चढलेली एक शिळा, तिला चांदीचे डोळे. शिळेच्या दोन्ही खांद्यांवर शेंदूर झिजून गुळगुळीत झालेल्या दोन जागा होत्या. गुरव तिथं पाण्यात भिजवलेला एकेक तांदळाचा दाणा चिकटवायचा, विचारणाऱ्याचा प्रश्न मोठ्यानं बोलायचा आणि हात जोडून उभा राहायचा. उजवा दाणा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नको. याला कौल म्हणायचे. विहीर कुठं खणायची, खाचरात भात कधी लावायचा, पोरगी कुठं द्यायची, सगळं त्या दोन दाण्यांवर. हे मला ऐकून ठाऊक होतं. बघायला मात्र मी शेवटच्या वर्षापर्यंत कधी गाभाऱ्यापाशी गेलो नाही. विज्ञानाच्या प्रतिनिधीनं तसल्या ठिकाणी डोकावू नये, असा माझा एक बाणा होता. पुढं हा बाणा मला फार महाग पडला.

पायरीवरचा तो म्हातारा म्हणजेच बारकू गुरव; सगळी वाडी त्यांना बाबा म्हणायची. बाबा कौल लावण्याआधी माणसाची जी उलटतपासणी घ्यायचे, ती मात्र मी पायरीवर बसून खूपदा ऐकली. एकदा एक जण बैल विकू का विचारायला आला.

"इकायचा कुनाला हाय? तुला का तुज्या बायकुला?"

"मंडळी म्हनती इकायचा."

"मंग मंडळीला धाड. तुमच्या दोघांच्या भांडनात देवाला कशाला वढतो?"

तो गेला, परत आला नाही. विचारायला येणाऱ्यांतली निम्मी माणसं अशी पायरीवरूनच घरी जायची. "देवाला काय इचारायचं आन काय न्हाई, येवढंच तर गुरवाचं काम," बाबा म्हणायचे. "दाना काय, पानी लावलं का कुनाच्या बी हातानं चिकाटतो."

दुखण्याखुपण्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. हिरडा गोळा करताना एकाला फुरसं चावलं. चौघांनी त्याला झोळीत घालून थेट देवळात आणला. मीही मागून धापा टाकत पोचलो. बाबा पायरीवरून उठले ते ओरडतच.

"ह्याला हितं कशाला आनला? म्या काय सुई मारतो व्हय रं? जीप बोलवा!"

"बाबा, कौल..."

"कौल लावतो. आदी जीप निघूंदे. मानूस दवाखान्यात पोचंस्तवर देवानं काय सांगितलं त्याचा निरोप धाडतो."

जीप गेली. बाबांनी अंघोळ केली, दाणे लावले. बाहेर आले तेव्हा मी चेष्टेनंच विचारलं, "काय म्हणाला देव?"

"डावी."

"नको म्हणाला? मग आता?"

"मंग काय? गाडी तर गेली. म्या त्याला म्हनलं, तुझं बराबर आसंल, पर मला गाडी माघारी आनता येत न्हाई. आयकलं न्हाई म्हनून दंड भरतो."

दंड म्हणजे सात रविवार तंबाखू बंद. फुरसं चावलेला माणूस पाचव्या दिवशी चालत घरी आला, पण बाबांनी सातही रविवार पाळले. त्यांची बायको ठकूआजी मला म्हणाली, "देव ह्यांचा, दंड ह्यांचा, आन तरास मला. तंबाखू नसली का मानूस कुत्र्यावानी गुरगुरतंय."

मला याची गंमत वाटायची. म्हातारा धूर्त आहे, देवाच्या आडून लोकांना दवाखान्यात धाडतो, असा माझा निष्कर्ष. म्हणून पोलिओच्या डोसाला लोक पोरं लपवायला लागले, तेव्हा मी मोठ्या विश्वासानं त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, "बाबा, एवढं सांगून टाका, बहिरोबानं उजवी दिली म्हणून."

त्यांनी तंबाखूची चंची बंद केली. "दिली का पर त्यानं?"

"नाही, पण पोरांच्या भल्यासाठी..."

"भाऊ, देवाचं आयकायचं का न्हाई ते माज्याकडं. तेचा दंड म्या भरीन. पर त्यानं न बोलल्यालं बोलला म्हनून सांगायचं? उठा हितनं."

मी उठलो. दुसऱ्या दिवशी डोसाच्या रांगेत पहिला नंबर बाबांच्या नातवाचा होता. बाबा त्याला कडेवर घेऊन अर्धा तास आधीच येऊन उभे. मागं हळूहळू सगळी वाडी. तरीही मला काही उमगलं नाही. धूर्तच आहे, असं मी पुन्हा मनाशी म्हटलं.

माझं कर्तृत्वही सांगितलं पाहिजे. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर, म्हणजे ती नाकात झोंबणारी पांढरी पूड, मी पहिल्याच वर्षी शाळेच्या विहिरीत मापाचा हिशेब चुकवून पाचपट टाकली. आठ दिवस शाळेच्या खिचडीला धोब्याच्या भट्टीचा वास. तेव्हापासून गावात माझं नाव पावडरभाऊ.

शेवटच्या वर्षीचा उन्हाळा. बहिरोबाच्या यात्रेला बारा दिवस राहिलेले. विहिरी आटल्या होत्या. धरणाचं पाणी डोळ्यांना दिसायचं, पण दोन उतार खाली गेलेलं. पिण्याला उरलं एकच, देवळामागचं कातळात कोरलेलं टाकं. त्याचंच तीर्थ, त्याचंच पिणं. टाक्यात फक्त गुरवानं अनवाणी उतरायचं आणि कळशा भरून वर द्यायच्या. दुसऱ्या कुणाचं पाऊल त्या पायऱ्यांवर चालायचं नाही आणि पाण्यात काही टाकणं तर कुणाच्या स्वप्नातही नाही.

खालच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांत नऊ माणसं आडवी. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा गेला. मी घरोघर मीठ-साखरेचं पाणी पाजत होतो, हंड्यात औषधाचे थेंब टाकत होतो. माझी पाठ वळली की बाया हंडे उपडे करत होत्या. डॉक्टर जीपनं आले, टाकं पाहिलं आणि मला म्हणाले, "यात पावडर पडली नाही तर तू फक्त मोजत बसशील."

मी बाबांकडं गेलो. ते टाक्याच्या काठावर बसले होते, चेहरा उतरलेला.

"दोन दिस द्या मला," ते म्हणाले. "येकेकाच्या घरी जातो. बोलतो."

"दोन दिवसांत अजून दोघं जातील, बाबा. सरळ कौल लावा. सगळ्या गावासमोर. म्हणजे वादच नको."

"गावाम्होरं लावल्याला कौल मोडता येत न्हाई, भाऊ. डावी आली तर?"

"नाही येणार."

"तुमाला काय ठावं?"

मी घसा खाकरला. बाबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं. सकाळी."

मला ठाऊक होतं, कारण माझं ठरलं होतं. सकाळी पूजा आटोपून बाबा लोकांना बोलवायला वाडीत गेले. मी रक्तनमुन्यांवर चिठ्ठ्या डकवायची डिंकाची बाटली खिशात घालून देवळात शिरलो. दारात क्षणभर थांबून बूट काढले. चोरी करतानाही रीतभात. डावा दाणा पडता कामा नये. म्हणून डाव्या खांद्यावरच्या गुळगुळीत जागेवर डिंकाचं बोट फिरवलं. ओला दाणा लागला की पक्का बसेल, उजवा आपोआप आधी गळेल. हात धुतले आणि बाहेर येऊन साळसूदपणे बसलो.

सगळी वाडी जमली. आजाऱ्यांच्या घरचे पुढं. बाबांनी दाणे लावले, प्रश्न मोठ्यानं बोलले: "टाक्यात दवाखान्याची पावडर घालावी का?" मी आयुष्यात पहिल्यांदा गाभाऱ्याच्या दारात उभं राहून कौल बघत होतो. कुणी खोकत नव्हतं. एक बाई पोराच्या तोंडावर हात दाबून उभी होती. त्या सगळ्या माणसांत निवांत मी एकटाच.

दाणा पडला. उजवा! मी जवळजवळ टाळी वाजवली.

मागून एक लांब सुस्कारा आला. "डावी," कुणीतरी म्हणालं.

"डावी कुठं? उजवी पडली! ही बघा, ही!" मी माझा उजवा हात वर करून नाचवला.

मारुती म्हणून एक आडदांड शेतकरी होता, म्हातारा गेला तो त्याचाच चुलता. तो म्हणाला, "पावडरभाऊ, ती तुमची उजवी. देवाचं त्वांड कुनीकडं हाय?"

चांदीचे डोळे माझ्याकडं बघत होते. समोरासमोर उभं राहिलं की त्याची उजवी ती माझी डावी, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मी देवाच्या उजव्या खांद्याला डिंक लावला होता. देवाचा हो मी स्वतःच्या बोटानं चिकटवून ठेवला होता. लोक तेवढ्यातही हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार?

त्या दुपारपासून टाक्यावर काठ्या घेऊन दोन-दोन माणसं बसली, पावडरभाऊनं काही करू नये म्हणून. पाणी तेच. आजारी नवाचे पंधरा झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकूआजीलाही जुलाब लागले. मी पोचलो तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. बाबांनी कुणाला काही न विचारता तिला जीपमध्ये घातलं. सून सोबत गेली. स्वतः बाबा मागं थांबले. टाक्यातून पाणी काढायला दुसरं कुणी नव्हतं.

जीप वळणाआड गेल्यावर मी त्यांना देवळाच्या पायरीवर गाठलं आणि सांगून टाकलं. बाटली, डिंक, बोट, सगळं. सांगताना माझा आवाज नववीतल्या पोरासारखा चिरकला.

ते म्हणाले, "दुसऱ्या दिशी देवाला आंगूळ घालताना त्यो दाना निघंना. नखानं खरवडला. म्या म्हनलं, देव लई रागावलाय. त्या दिसापास्नं म्या जेवलो न्हाई."

मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बाबा, चला. मी सगळ्यांना सांगतो. पुन्हा कौल लावा."

"काय सांगशील?" पहिल्यांदाच ते मला एकेरी बोलले. "कौल डिंकानं चिकटवता येतो म्हनून? उद्या फुरसं चावल्यालं मानूस हितं आनतील. म्या म्हनीन, जीप बोलवा. ते म्हनतील, तू कोन सांगनारा, तू बी डिंक लावीत आसशील. आन मारुती तुला जित्ता ठेवील व्हय?"

"मग काय करायचं?"

ते उठले. "पावडर आन. आन माप नीट सांग. साळंच्या हिरीवानी नको."

टाक्यापाशी मारुती आणि आणखी एक जण बसले होते. बाबांच्या हातात घमेलं बघून दोघं उभे राहिले. हाका गेल्या, माणसं धावत आली. बाबांनी सगळी जमेपर्यंत वाट पाहिली.

"कौल डावा व्हता," ते म्हणाले. "समद्यांनी पायलाय. म्या मोडतोय."

"बाबा," मारुतीचा आवाज बसला होता, "गावाम्होरचा कौल मोडनाऱ्या गुरवाला गाभारा न्हाई. माघारी या."

"ठावं हाय. माज्याच बापानं सांगितलंय तुज्या बापाला."

ते पायऱ्या उतरायला लागले. मारुती काठी घेऊन काठापर्यंत आला आणि थांबला. खाली उतरायचा हक्क त्याला नव्हता, कुणालाच नव्हता. एवढ्या माणसांत त्यांना कुणी अडवू शकलं नाही. बाबांनी कालवलेली पावडर पाण्यावर फिरवून ओतली, कळशीनं पाणी ढवळलं, वर आले. देवळाची किल्ली कमरेची सोडून पुतण्याच्या, दत्तूच्या हातात दिली. दत्तू रडायला लागला. बाबा त्याच्यावरच खेकसले, "रडतो काय? पूजा कर. अर्ध्या तासानं पानी प्या समदे. वास येईल, प्या तरी."

मी तिथंच उभा होतो. बोलायला तोंड उघडलं होतं. बाबांनी नजरेनं मला गप्प केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्यांच्या नजरेआधी मला मारुतीच्या हातातली काठी दिसली होती.

अर्ध्या तासानं पहिली ओंजळ त्यांनी प्यायली. मग बाकीच्यांनी, नाकं धरून. चौथ्या दिवसापासून नवा रोगी आला नाही. ठकूआजी जीपमधून उतरली ती काठीवर वाकून, पण जीभ शाबूत. तिला सगळं कळलं तेव्हा म्हणाली, "देव सोडला आन तंबाखू न्हाई सोडली. आसलं कसलं ह्ये?" आणि मग पदरात तोंड घालून बसली. यात्रेत पालखीला बाबांचा खांदा नव्हता. ते लांब आंब्याखाली उभे होते, पाहुण्यासारखे.

दोन महिन्यांनी माझी बदली झाली. पुढं कळंबला आलो, हायवेच्या कडेला घर झालं, पोरं झाली. गोष्ट मात्र आतल्या आत कुजत राहिली. सात-आठ वर्षांनी एकदा ठरवलं, आता बस्स. मोटारसायकल काढली आणि माचीवाडी गाठली. रस्ता डांबरी झाला होता, घराघरांत नळ आले होते. बाबा देवळाच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसले होते. डोळ्यांवर मोतीबिंदूची साय. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

मी सरळ मुद्द्यावर आलो. "बाबा, आज मी गावाला सगळं सांगणार. दत्तूला, मारुतीला. तो कौल खोटा होता. तुम्ही काही मोडलंच नाही. तुम्हाला पुन्हा आत जाता येईल."

"तुला वझं उतरवायचंय," ते म्हणाले. "उतरव की. पर माज्या देवळाच्या पायरीवर नको."

"पण दंड माझ्या चुकीचा तुम्ही का भरायचा?"

"तुज्या चुकीचा कोन भरतोय?" ते जरा हसले. मग हसू गेलं. "त्या दिशी तू डिंकाचं सांगितलंस. तवा देव काय बोललाच नव्हता, व्हय का न्हाई? मंग पावडर घ्यायच्या आदी येकट्यानं आत जाऊन इचारायला पायजे व्हतं. लई येळ लागला नसता. म्या इचारलं न्हाई."

"का?"

"भ्यालो. ठकी गाडीत व्हती. खरीच डावी आली आसती, तर?" त्यांचे हात गुडघ्यांवर चाचपडले. "आजवर त्याचं कैकदा आयकलं न्हाई म्या. पर इचारलं व्हतं. त्या येकाच दिशी तोंडच फिरवलं. दंड त्याचा हाय, भाऊ. तुज्या डिंकाचा न्हाई."

ज्याला मी धूर्त म्हातारा समजत आलो, तो माणूस सगळा काळ अक्षरशः खरं बोलत होता.

तेवढ्यात एक बाई घाईघाईनं पायऱ्या चढून आली, डोळे सुजलेले. बाबांनी तिला थांबवून हळू आवाजात चार प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली. बाबांनी मान हलवली, "जा आत. ह्ये इचारन्यासारखं हाय." ती आत गेली. दत्तूनं दाणे लावले आणि तिचा प्रश्न मोठ्यानं बोलला.

मी उठून दाराकडं पाहिलं. पायरीवर बसलेले सगळे आत बघत होते. बाबा मात्र काठी टेकत उभे राहिले, देवळाकडं पाठ केली आणि धरणाच्या दिशेनं तोंड करून थांबले. साय आलेले डोळे त्यांनी मिटूनही घेतले. मी मोटारसायकल चालू केली, वळवली, तरी ते तसेच उभे होते. आतून कुणीतरी काहीतरी ओरडलं. कोणता दाणा पडला, ते माझ्या इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही.